दोन हंगामांपुरती कंबर

आक्का, तुमच्या तेराव्याला मी आले होते, पण बसले नाही. दारातल्या लिंबाखाली चपला काढल्या, तुमच्या फोटोपुढे हात जोडले आणि पुन्हा चपला घालून जीपच्या थांब्याकडे निघाले. कुणीतरी म्हणालं, केजच्या कंबरेच्या ताई आल्यात, त्यांना चहा द्या. तोही मी घेतला नाही. तुम्ही असतात तर फुगून बसला असतात, कारण तुमच्या दारातून आजवर कुणी बिनचहाचं गेलं नसेल. पण मागे बसलेल्या दोन बायकांचं बोलणं माझ्या कानावर पडलं होतं. एक म्हणत होती, आता भानुदासचा कोयता मोडला. दुसरी म्हणाली, मोडतोय कशानं, पोरगी हाय की.

मी लातूरची, लग्न होऊन केजला आले. कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, एवढंच मला ठाऊक होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि टोळी जमवणाऱ्या मुकादमाला अर्ध्या कोयत्यात फारसा रस नसतो, हे मला तुम्ही शिकवलंत. तेही माझ्याच तपासणीच्या टेबलावर पालथं पडून, मी तुमच्या कंबरेवर बोटं दाबत असताना. त्यामुळे त्या बायकांचं बोलणं मला लगेच कळलं. दसरा तोंडावर आलेला. तुम्ही गेलात, म्हणजे आता तुमच्या जागी तुमची लेक अर्चना जाणार, बारावीचं वर्ष अर्ध्यात टाकून. ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही वर्षभर माझा ओरडा खाल्लात, ती त्या दोघी चहा पिता पिता मोडून मोकळ्या झाल्या होत्या. मला तिथे उभं राहवेना.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो मागच्या वर्षीचा श्रावण. माझी फिजिओथेरपीची खोली बियाण्यांच्या दुकानावर, जिना उभा, आणि तुम्ही भिंतीला हात लावत एकेक पायरी चढत होतात. कंबरेला जुन्या साडीचं फडकं आवळलेलं, हातात एक्स-रेची पिशवी. पायाला मुंग्या येतात का, बधिर होतो का, लघवीला झालेलं कळतं का, सगळं विचारलं, पाय उचलून पाहिले. धोक्याचं काही नव्हतं. सात-आठ वर्षं रोज दुखणारी कंबर आहे, एवढंच, असं मी म्हणाले. त्या "एवढंच"वर तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की तेव्हापासून कुठल्याही पेशंटपुढे तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

मग तुम्ही मनातला खरा प्रश्न काढलात. बायका म्हणतात गर्भाची पिशवी काढून टाक, कंबर थांबेल, काढू का? तुमच्या थोरल्या जावेनं काढली होती. तिची कंबर थांबली का, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, पिशवी गेली, दुखणं हाय तिथंच हाय. मग उत्तर तुम्हीच दिलंत, मी म्हटलं. अंगावरून जात असेल, पोटात दुखत असेल तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, मी चिठ्ठी देते, पण नुसत्या कंबरेसाठी पिशवीला हात लावू द्यायचा नाही. तुम्ही एक्स-रेची पिशवी बाजूला ठेवलीत. मग म्हणालात,

"ताई, म्हातारपणापत्तूर टिकवा म्हणत न्हाई म्या. दोन पट्टे काढून द्या. अर्ची औंदा अकरावीला गेली. म्या बसले तर तिला उठावं लागंल."

पट्टा म्हणजे ऊसतोडीचा एक हंगाम, दिवाळीच्या आसपास सुरू होऊन पाडव्याच्या आगेमागे संपणारा. लोक माझ्याकडे कायमचं बरं करून मागतात. कुणी मुदत घालून कंबर मागितलेली मी पहिल्यांदाच पाहिली. अर्चना बारावी होईपर्यंत, तेवढीच. पुढचं काही मागितलंच नाहीत. मला तुमचा राग आला आणि तुमच्याबद्दल फार वाईटही वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी चिडचिड करते, हे तुम्हाला नंतर चांगलंच कळलं.

मी तुमच्याहून आठ वर्षांनी लहान, तरी तुम्ही मला ताई म्हणायचात. मी तुम्हाला आक्का म्हणायचे. दोघीही एकमेकींना थोरली करून ठेवायला टपलेल्या. धाकटं कुणी व्हायचं, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

शिकवायला सुरुवात केली ती पोटापासून. कंबर दुखतेय आणि ही बाई पोट घेऊन बसलीय, असं तुमच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मी सांगितलं, कण्याला आतून धरून ठेवणारे स्नायू पोटात खोलवर असतात, वर्षानुवर्षं दुखत राहिलं की ते कामाला येईनासे होतात, त्यांना पुन्हा कामाला लावायचं. कळावं म्हणून माझी नेहमीची युक्ती सांगितली. परकराच्या नाडीपासून पोट हळूच आत घ्यायचं, नाडी किंचित सैल वाटली पाहिजे, श्वास कोंडायचा नाही, दहा अंक मोजायचे आणि सोडायचं. पंधरा दिवसांनी आलात तेव्हा तुमच्या कंबरेभोवती लालभडक वळ होता. व्यायाम तुम्ही रोज केला होता, अगदी न चुकता. पण पोट आत घेतलं की नाडी सैल व्हायची, आणि सैल झाली की तुम्ही ती आवळून पुन्हा बांधायचात. कंबर दुखली की फडकं आवळायचं, हेच तुम्ही आईपासून पाहत आलेल्या. तुम्हाला वाटलं, नाडी आणखी घट्ट बसावी म्हणूनच हा सगळा खटाटोप असणार. मी हसले, तुम्हीही हसलात, हसताना कळ आली म्हणून आणखी हसलात. मग फडकं सोडून ठेवा, हे समजावण्यात माझा पाऊण तास गेला. फडकं काढलं तर कंबर निखळून खाली पडेल, अशी तुमची खात्रीच होती.

ती चूक तुमची. पुढची माझी, आणि तिला हसण्यासारखं काही नाही.

मी तुम्हाला एक छापील कागद दिला होता. त्यावर पँट घातलेली एक बाई उताणी झोपून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलते. तुम्ही त्याची चार घड्यांची घडी करून पोलक्यात ठेवलीत. तीन आठवडे विचारलं की "करते की" म्हणायचात. एके दिवशी मी करून दाखवायला सांगितलं, आणि तुम्हाला पहिली कृतीही येईना. बाकावर चार पेशंट बसलेले. त्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, खोटं बोलायला वडगावहून इतके धक्के खात येता का? तुम्ही पदर सारखा केलात आणि कागदाची घडी पुन्हा पोलक्यात सरकवलीत. मला ती कबुली वाटली.

त्या रविवारी मी तुमच्या घरी आले. खरं सांगायचं तर तुम्हाला पकडायलाच आले होते. एक खोली, पुढे ओसरी, आणि मधल्या दारात तुमच्या सासऱ्यांची बाज. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली, पण दिवसभर जागे, नजर खोलीत. सासूबाई समोर शेंगा फोडत बसलेल्या. तुम्ही त्यांच्यासमोर बाजेच्या काठावरसुद्धा कधी टेकला नव्हतात. त्या घरात, दिवसाउजेडी, सुनेनं उताणं पडून गुडघे दुमडायचे. तुम्ही मला पाणी दिलंत आणि हळूच विचारलंत,

"कुठं निजू, ताई?"

मी "बघू" म्हणाले. माफी मागितली नाही. नंतर कितीदा तरी मागायची ठरवली, पण समोर आलात की व्यायामाचंच बोलणं व्हायचं, आणि तुम्ही तर तो विषय काढणाऱ्यातल्या नव्हताच. आता सांगते. चुकलं माझं, आक्का. चार माणसांत तुम्हाला खोटं ठरवलं, तुमच्या घरात झोपायला जागा आहे का, एवढंही न विचारता.

त्या दिवशी मी आले तेव्हा तुमचं सारवण अर्धं झालं होतं, आणि माझ्यासाठी ते वाळू द्यायचं तुमच्या जिवावर आलं. पुन्हा खाली बसलात. दोन्ही गुडघे टेकलेले, एक तळहात जमिनीवर, पाठ सरळ, दुसरा हात शेणाचा पोतेरा घेऊन लांब पुढे. मी पाहतच राहिले. ओणवं होऊन करायचा जो व्यायाम मी गादीवर लोकांना मिनतवाऱ्या करून शिकवते, तो अर्धा तुम्ही करतच होतात. मी म्हणाले, हात तिथंच ठेवा. आता उलट्या बाजूचा पाय मागे सरकवा, उचलू नका, नुसता सरकवा. पोट आत, श्वास चालू. सासूबाईंनी विचारलं काय चाललंय, तर तुम्ही मान न वळवता म्हणालात, कोपरा ऱ्हायलाय. पुढचा महिनाभर तुमच्या घराचे कोपरे राहतच होते. केजला जायला लागल्यापासून सून लई टापटिपीची झाली, असं सासूबाई शेजारी सांगत होत्या.

बाकीचेही असेच जमवले. चुलीमागच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दाराच्या चौकटीला कोपर टेकून एका कुशीवर भार घ्यायचा, घागर उचलायच्या आधी पोट धरायचं. दुखणं गेलं का? नाही गेलं. जाईल असं मी कधी म्हणाले नव्हते. पण आधी भाकरी थापताना चौथ्या भाकरीला तुम्हाला भिंत धरून उठावं लागायचं, ते नवव्या भाकरीवर गेलं. हा हिशेब तुम्ही स्वतः ठेवला होता, आणि माझ्या वहीतल्या सगळ्या नोंदींपेक्षा मला तो पटायचा. दुखतंय म्हणजे आत काही मोडतंय असं नाही, हे माझं वाक्य तुम्ही गल्लीतल्या बायकांना इतक्या ऐटीत सांगायचात की त्यातल्या एकीनं माझ्याकडे येऊन ते मलाच ऐकवलं.

मग दसरा आला आणि आपलं भांडण झालं. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

माझं म्हणणं सोपं होतं. ऊस तोडा, मोळ्या बांधा, पण जड मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणं जमेल तितकं भानुदास दाजींकडे द्या. त्यासाठी त्यांना सांगायला हवं. वर्षानुवर्षं शेजारी राबणाऱ्या माणसाला तुमची कंबर इतकी दुखते हे तुम्ही कळू दिलं नव्हतं. थोडीफार धरते, एवढंच सांगून ठेवलेलं. माझ्याकडे येताना जीपमध्ये बसायचात ते बाजाराच्या नावाखाली. का म्हून सांगायचं न्हाई, मी तुमच्याच भाषेत विचारलं. तुम्हाला हसू आलं नाही.

"बापाला कळलं कंबर गेली, तर तो पोरीकडं बघंल. आज न्हाई बघणार, उद्या बघंल."

मी म्हणाले, नवऱ्यावर इतकाही भरोसा नाही का? तुम्ही म्हणालात, भरोसा हाय, पण मुकादम दारात उभा ऱ्हायला तर भरोसा काय करंल? उत्तर सुचलं नाही की मी आवाज चढवते. दोघं मिळून एक कोयता म्हणवता आणि एकमेकांशी दोन शब्द बोलत नाही, असं काहीतरी मी बोलले. तुम्ही उठलात, जिना उतरलात. चार दिवसांनी तुमची टोळी गेली.

मध्ये एकदाच तुमचा फोन आला. मागे ट्रकचा आवाज. हाय, चाललंय, एवढंच बोललात. व्यायामाचं विचारलं तर म्हणालात, करते की. तोच शब्द. मी विश्वास ठेवला नाही, आक्का. उसाच्या पाचटाची खोपी, वाकून आत शिरायचं, शेजारी दहा खोप्या, दिवसभर फडात राबून आलेलं अंग. तिथे कोण कशाला व्यायाम करतंय, असं मला वाटलं. चैत्रात तुम्ही परत आलात तेव्हा भिंतीला हात न लावता जिना चढलात आणि दारातूनच एक बोट वर केलंत. एक पट्टा झाला. एक राहिला. मी इतकी खूश झाले की दुकानातून पेढे मागवले, तरी मनात होतंच, ही कंबर मुळात चिवट म्हणून टिकली, माझ्या व्यायामाचं यात काही नाही.

तुमच्या कंबरेनं तुम्हाला दगा दिला नाही. भाद्रपदात चार दिवसांचा ताप आला आणि तुम्ही गेलात. पहिले दोन दिवस तुम्ही अंगावर काढलेत, दुखणं सांगायचं नाही ही सवयच. वर्षभर मी तुमच्या कण्याचा एकेक मणका जपत होते आणि मला तापाची बातमीसुद्धा कळली नाही. अर्चनानं फोन केला तो सगळं संपल्यावर. कुणावर चिडावं ते कळेना, म्हणून त्या दिवशी मी माझ्या निरपराध पेशंटांवर चिडले.

तो छापील कागद मी आता कुणाला देत नाही. नवीन बाई आली की आधी विचारते, घरात कुठे झोपता, समोर कोण असतं, दार लागतं का. एकीला मी तिच्या न्हाणीघरात उभ्यानं करायचे व्यायाम बसवून दिले, एकीला पिठाच्या गिरणीत नंबर येईपर्यंत करायचे. त्या मला हुशार समजतात. मी कुणाकडून शिकले ते सांगायला लागले की आजकाल मला थांबावं लागतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

तेराव्यानंतर आठवड्यानं भानुदास दाजी माझ्या खोलीवर आले. टोपी हातात, बसा म्हटलं तरी बसेनात. मला वाटलं, अर्चनाला नेण्याआधी तिची कंबर तपासून द्या म्हणायला आलेत. ते काही बोलायच्या आतच मी सुरू झाले. तिला नेऊ नका, तिच्या आईनं कशासाठी काय काय सोसलंय तुम्हाला माहीत नाही, असं बरंच बोलले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, अर्ची न्हाई यायची, ताई. म्या अर्धा कोयता म्हणून जातोय, मुकादमाला सांगून आलो. पोरीची बारावी होऊ द्या. त्यांचीही कंबर दोन वर्षांपासून धरत होती, आणि आता मोळ्या एकट्यानं उचलायच्या होत्या.

"अर्चीच्या मायला शिकवलं ते मला बी शिकवा."

तुम्हाला माहीत होतं? मी विचारलं. त्यांनी फरशीकडे पाहत सांगितलं. फडावरून आल्यावर तुम्ही खोपीत जायचात आणि दारावरचं पोतं खाली सोडायचात. ते बाहेर दाराकडे पाठ करून बसायचे, कोयत्याला धार लावत. धार लागून गेली तरी लावत. कुणी हाक मारत आलं तर, कापडं बदलती, मागून या, म्हणून परत पाठवायचे. आत तुम्ही मोजायचात ते त्यांना ऐकू यायचं.

"सातापत्तूर सरळ जायची. ज्या दिवशी आठाला येळ लागायचा, तवा कळायचं आज लई दुखतंय. मंग दुसऱ्या दिशी जड मोळ्या म्या आधी उचलायचो."

तिला का नाही सांगितलंत, मी विचारलं. ते म्हणाले, ती लपवत व्हती ना. मला कळत न्हाई याचाच तिला आधार व्हता.

आक्का, तुम्ही व्यायाम करत होतात. रोज करत होतात, आणि मी दुसऱ्यांदा तुम्हाला खोटी समजले होते. आणि तुम्हीही चुकलात, दाजींच्या बाबतीत. मुकादमापुढे उभं राहायची वेळ आली, आणि ते पोरीकडे पाहून नाही म्हणाले. हे तुम्हाला कळायला हवं होतं. जिवंतपणी, एका संध्याकाळी, त्या पोत्याच्या पडद्यातून कुणीतरी एक शब्द बोलायला हवा होता. तुमच्या दोघांचा मला राग येतो आणि तुमच्या दोघांपुढे हातही जोडावेसे वाटतात.

आत काय करायचात ते दाजींनी कधी पाहिलं नव्हतं. मोजणी तेवढी पाठ होती. मी त्यांना गादीवर उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, पोट आत घ्या, श्वास कोंडू नका, कंबर हळू उचला आणि मोजा म्हटलं. ते मोठ्यानं मोजायला लागले. सातापर्यंत सरळ गेले आणि थांबले. दुखत असेल तर सोडा, मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटून मान हलवली, कंबर खाली येऊ दिली नाही. बऱ्याच वेळानं ते आठ म्हणाले.